बर्क्लीचा किल्ला : दप्तर, बखर आणि आख्यायिका

१

एखाद्या वास्तूत एकच घराणे शतकानुशतके नांदत आले असले, म्हणजे तिच्या भूतकाळाची साधने दोन ठिकाणी साठत जातात. एक ठिकाण म्हणजे घराण्याचा दप्तरखाना. सनदा, करारमदार, जमाखर्चाचे कागद आणि दाव्यांतील दस्तऐवज तेथे असतात. दुसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष वास्तूच. कोणत्या कोठडीत काय घडले, कोणती भिंत का पडली, कोणत्या सज्जावरून कोण कोसळले, हे तेथे पाहुण्याला बोटाने दाखविले जाते. पहिल्या साधनाला इतिहास व दुसऱ्याला आख्यायिका असे नाव देऊन, एक ग्राह्य आणि दुसरे त्याज्य मानण्याचा प्रघात आहे. हा प्रघात सोयीचा असला तरी पुरेसा नाही. आख्यायिका खोटी ठरविली, की ती का निर्माण झाली, कोणाच्या उपयोगी पडली आणि इतकी वर्षे का टिकली, हे प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. वस्तुतः ते विचारलेच गेलेले नसतात.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या काठाजवळ उभा असलेला बर्क्लीचा किल्ला या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. पदच्युत राजा दुसरा एडवर्ड याचा मृत्यू १३२७ साली येथे घडला, असे इंग्लंडचा इतिहास सांगतो. तो कसा घडला याची जी भीषण कथा सर्वश्रुत आहे, ती मात्र समकालीन कागदांत नाही. ती बखरींत वाढली, नाटकात स्थिर झाली आणि अखेरीस किल्ल्याच्या दगडांना चिकटली. या प्रवासात कथेने काय मिळविले, यापेक्षा तिने काय गाळले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

२

नॉर्मन विजयानंतर लगेच, १०६७ साली, विल्यम फिट्झऑसबर्न याने येथे पहिली तटबंदी उभारली. आज दिसणाऱ्या दगडी बालेकिल्ल्याचे बांधकाम बाराव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. दुसऱ्या हेन्रीने ही जागा रॉबर्ट फिट्झहार्डिंग याला दिली व बालेकिल्ला बांधण्यास अनुमती दिली. या रॉबर्टच्या वंशजांनी बर्क्ली हे नाव धारण केले. चौदाव्या शतकात आतील मोठा दिवाणखाना नव्याने बांधला गेला आणि लष्करी ठाण्याला सरदारी निवासाचे रूप आले. एकाच घराण्याकडे दीर्घकाळ राहिलेला वसता किल्ला म्हणून बर्क्लीचा जो लौकिक आहे, त्याला मुख्यतः आधार आहे. परंतु ही परंपरा अखंड नाही. मार्क्विस विल्यम बर्क्ली याने आपल्या भावाला वारसा मिळू नये म्हणून सारी जहागीर सातव्या हेन्रीला व त्याच्या पुरुषवंशाला लिहून दिली. १४९२ साली विल्यम वारला आणि किल्ला राजाकडे गेला. १५५३ साली सहावा एडवर्ड निपुत्रिक मरण पावला, तेव्हाच तो घराण्याकडे परत आला. अखंडतेचा अभिमान सांगणाऱ्या परंपरेत ही एकसष्ट वर्षे सहसा हळू आवाजात सांगितली जातात.

या घराण्याचे दप्तर समृद्ध का राहिले, याचे एक कारण त्याच्या कलहांत आहे. चौथा लॉर्ड थॉमस १४१७ साली पुत्राविना वारला. जहागीर मुलीच्या वंशाकडे जावी की पुतण्याकडे, यावरून सुरू झालेला वाद १६०९ पर्यंत चालला. या वादातूनच १४७० साली निब्ली ग्रीन येथे लढाई झाली आणि प्रतिपक्षाचा नायक लॉर्ड लाइल तीत मारला गेला. सरदारांच्या खासगी सैन्यांत इंग्रजी भूमीवर झालेली अखेरची लढाई म्हणून तिची गणना होते. जो वाद जवळजवळ दोनशे वर्षे चालतो, त्यात प्रत्येक जुना कागद हे एक शस्त्र असते. म्हणून कागद जपले गेले. दप्तरही अशा रीतीने निर्हेतुक नसते, हे येथे प्रथमच ध्यानात ठेवले पाहिजे.

या दप्तराला एक असामान्य वाचक लाभला. निब्लीचा जॉन स्मिथ हा बर्क्ली घराण्याचा कारभारी होता. घराण्याच्या दाव्यांसाठी कागद चाळता चाळता त्याने बर्क्ली सरदारांची चरित्रे लिहिली. सतराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेला हा ग्रंथ ब्रिस्टल व ग्लॉस्टरशायर येथील पुरातत्त्व मंडळाने १८८३ ते १८८५ या काळात तीन खंडांत छापला. स्मिथ हा पदरी असलेला माणूस होता व धन्याविषयीची त्याची निष्ठा पानोपानी दिसते. असे असूनही त्याने जमाखर्चाच्या कागदांवर विश्वास ठेवला. या विश्वासाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३

समकालीन कागदांतून दिसणारा घटनाक्रम असा आहे. जानेवारी १३२७ मध्ये राणी इझाबेला आणि रॉजर मॉर्टिमर यांच्या पक्षाने दुसऱ्या एडवर्डला सिंहासनावरून दूर केले व त्याच्या अल्पवयीन पुत्राला राजा केले. पदच्युत राजा प्रथम केनिलवर्थ येथे होता. एप्रिलमध्ये त्याला बर्क्लीस आणण्यात आले. किल्ल्याचा धनी तिसरा लॉर्ड थॉमस हा मॉर्टिमरचा जावई होता. त्याच्याकडे व त्याचा मेहुणा जॉन माल्ट्रॅव्हर्स याच्याकडे कैद्याची जबाबदारी सोपविण्यात आली आणि कैद्याच्या खर्चासाठी दररोज पाच पौंडांची तरतूद झाली. ही रक्कम त्या काळी लहान नव्हती. उन्हाळ्यात राजाच्या काही पक्षपात्यांनी किल्ल्यात घुसून त्याला सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर २१ सप्टेंबर रोजी राजा मरण पावल्याचे वर्तमान किल्ल्यातून बाहेर पडले. थॉमस गर्नी हा पत्रे घेऊन दरबाराकडे गेला आणि लिंकन येथे तरुण राजाला ते वर्तमान दोन-तीन दिवसांत कळले. शव महिनाभर बर्क्लीतच होते. त्याच्या व्यवस्थेचा खर्च हिशेबांत नोंदलेला असून, हृदय ठेवण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या पात्राची रक्कमही त्यात आहे. २० डिसेंबर रोजी ग्लॉस्टरच्या मठात राजाचे दफन झाले.

या कागदांत मृत्यूचे कारण नाही. तीन वर्षांनी मॉर्टिमरचा पाडाव झाला तेव्हा, नोव्हेंबर १३३० च्या पार्लमेंटमध्ये, एडवर्डचा खून झाला असे प्रथमच अधिकृतपणे म्हटले गेले. मॉर्टिमरला फाशी झाली. गर्नी आणि विल्यम ऑकली यांना त्यांच्या अनुपस्थितीत खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले. लॉर्ड थॉमस मात्र हजर होता, आणि त्याची जबानी आजही अभ्यासकांना कोड्यात टाकते. या पार्लमेंटपर्यंत राजाच्या मृत्यूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे त्याने प्रथम सांगितले. राजा त्याच्याच ताब्यात होता याची आठवण करून दिल्यावर, त्या वेळी आपण किल्ल्याबाहेर ब्रॅडली येथे इतके आजारी होतो की आपल्याला काही स्मरत नाही, असे उत्तर त्याने दिले. ज्या घरातून मृत्यूचे वर्तमान दरबारास कळविले गेले, त्या घराच्या धन्याने हे म्हणावे, ही विसंगती उघड आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘खून झाल्याचे ठाऊक नव्हते’ एवढाच घ्यावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तो अर्थ घेतला तरी दुसऱ्या विधानाचे काय, हा प्रश्न उरतोच.

स्मिथचे महत्त्व येथे आहे. घराण्याच्या हिशेबांवरून त्याने नोंदविले की, राजाच्या मृत्यूच्या वेळी लॉर्ड थॉमस ब्रॅडलीत नव्हता, बर्क्लीतच होता. धन्याच्या पूर्वजाचा बचाव धन्याच्याच दप्तराने खोटा पाडला, आणि तो पाडणारा घरचाच कारभारी होता. थॉमसला अखेर १३३७ साली पूर्ण निर्दोष ठरविण्यात आले. न्यायालयाने दिलेली ही मुक्तता आणि हिशेबाच्या कागदाने घेतलेला आक्षेप, या दोहोंमधील अंतर म्हणजेच बर्क्लीच्या इतिहासातील खरा पेच होय. आख्यायिकेत नेमका हाच पेच आढळत नाही.

४

बखरकारांची साक्ष कालक्रमाने लावली असता कथेची वाढ स्पष्ट दिसते. सर्वांत आधीच्या काही बखरी राजा आजाराने किंवा दुःखाने गेला असे म्हणतात. अ‍ॅडम मुरिमथ हा त्या वेळी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात होता. माल्ट्रॅव्हर्स व गर्नी यांनी राजाला कपटाने मारले अशी वदंता त्याने नोंदविली असून, अनेक मठाधिपती, सरदार आणि नागरिक यांनी शव पाहिले, पण वरवरच पाहिले, असे एक सावध विधानही केले आहे. तापलेल्या सळईची कथा १३३० नंतरच्या ‘ब्रूट’ बखरीत व चेस्टरचा भिक्षू रॅनल्फ हिग्डेन याच्या ‘पॉलिक्रॉनिकॉन’मध्ये येते. शवावर व्रण का दिसला नाही, या शंकेला ही कथा एक उत्तर पुरविते. शव पाहणाऱ्यांना काही दिसले नाही, याचा एक अर्थ काही घडलेच नव्हते असा होऊ शकतो. बखरकारांनी घेतलेला दुसरा अर्थ असा की, जे घडले ते दिसू नये अशाच रीतीने घडविले गेले. पुराव्याचा अभाव हाच येथे कथेचा आधार बनला आहे.

कथेला पूर्ण रूप मिळाले ते जेफ्री ले बेकर याच्या बखरीत. ती १३५० नंतरची, म्हणजे घटनेपासून एका पिढीच्या अंतरावरची आहे. राजाच्या रक्षकांपैकी विल्यम बिशप नावाच्या माणसाकडून, महामारीनंतर, आपण काही हकीकत ऐकली असे बेकर सांगतो. तथापि त्याची रचना साक्षीची नसून संतचरित्राची आहे. त्याचा एडवर्ड हा हुतात्मा आहे. त्याची उपासमार होते, विटंबना होते, सडणाऱ्या शवांच्या दुर्गंधीत त्याला कोंडले जाते आणि तो सारे सोशीकपणे सहन करतो. रोज पाच पौंडांची तरतूद या चित्राशी सहज जुळत नाही. बिशप ऑर्ल्टन याने पाठविलेल्या द्व्यर्थी लॅटिन पत्राची गोष्टही बेकरने दिली आहे. त्या पत्रातील वाक्य एका ठिकाणी तोडले तर ‘मारू नका’ आणि दुसऱ्या ठिकाणी तोडले तर ‘मारण्यास भिऊ नका’ असा अर्थ होतो. परंतु ऑर्ल्टन त्या वेळी पोपच्या दरबारी आव्हिन्यों येथे होता. शिवाय हेच चतुर वाक्य तेराव्या शतकातील लेखकांनी हंगेरीच्या राणीच्या वधाच्या प्रसंगी आधीच सांगितलेले होते. एका हत्येसाठी रचलेले वाक्य दुसऱ्या हत्येला लावले गेले, असेच म्हणावे लागते.

बेकरच्या कथेतील आणखी एक तपशील दुर्लक्षिला जातो. लॉर्ड बर्क्लीने राजाला प्रेमाने वागविले. पुढे त्याच्याच घरात त्याचा अधिकार चालेना, म्हणून तो खिन्न मनाने अन्यत्र निघून गेला, असे बेकर म्हणतो. लॉर्ड थॉमसने पार्लमेंटमध्ये दिलेल्या बचावाचेच हे भावपूर्ण रूपांतर होय. कथेची क्रूरता जसजशी वाढली, तसतसे घराचे निरपराधित्वही वाढले. या दोन गोष्टी परस्परसंबद्ध आहेत, हे आजवरच्या चर्चेत पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

याच संदर्भात जॉन ट्रेव्हिसा याचे मौनही विचारात घेतले पाहिजे. ट्रेव्हिसा हा बर्क्लीचा धर्मोपदेशक. लॉर्ड थॉमसचा नातू चौथा लॉर्ड थॉमस याच्या आश्रयाने त्याने ‘पॉलिक्रॉनिकॉन’चे इंग्रजी भाषांतर केले व १३८७ साली ते पूर्ण केले. मूळ लेखकाशी मतभेद असेल तेथे स्वतःची टिप्पणी घालण्याची त्याला सवय होती. सळईच्या वाक्याचे भाषांतर मात्र त्याने निमूटपणे केले. त्याच्या मौनातून त्या कथेला दुजोरा मिळतो, असे काहींना वाटते. मात्र आश्रयदात्याच्या आजोबांच्या घरात घडलेल्या प्रसंगावर टिप्पणी करणे कोणत्या आश्रिताला परवडले असते, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. शिवाय सळईची कथा मान्य केल्याने घराण्याची काही हानी होत नव्हती. सळई परक्यांच्या हातात होती.

५

बेकरची हकीकत सोळाव्या शतकात थॉमस डी ला मोर याच्या नावाने प्रचारात होती व स्टो, होलिन्शेड आदी इतिहासकारांनी ती उचलली. होलिन्शेडच्या ग्रंथातून ती ख्रिस्टोफर मार्लोच्या ‘एडवर्ड द सेकंड’ या १५९४ साली छापल्या गेलेल्या नाटकात आली. मार्लोने कथेत दोन महत्त्वाचे फेरफार केले. पहिला म्हणजे लाइटबॉर्न हा मारेकरी. हे पात्र इतिहासात नाही. चेस्टरच्या धार्मिक नाट्यचक्रातील एका सैतानाचे नाव त्याला दिलेले आहे. दुसरा फेरफार म्हणजे स्थळाचे रूप. मार्लोच्या नाटकात बर्क्ली हा दिवाणखाना व प्रार्थनागृह असलेला सरदारी वाडा उरत नाही. किल्ल्याची सारी घाण जेथे वाहून येते असे ते एक तळघर होते. राजाची पदच्युती या राजकीय घटनेचे शारीरिक अधःपाताच्या दृश्यात रूपांतर करणे, हे मार्लोचे सामर्थ्य होय आणि त्यातच नाटकाची शोकात्मता साकार होते.

नाटकाच्या संहितेत सळई तापवून ठेवण्याची आज्ञा आहे, परंतु ती वापरल्याचा उल्लेख नाही. प्रत्यक्ष वधाच्या वेळी मेज आणून राजाला त्याखाली दाबण्यास सांगितले जाते. तरीही वाचक आणि नट या दोघांनीही सळई वापरली गेली असेच गृहीत धरले. आख्यायिका संहितेपेक्षा बलवत्तर झाल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. लॉर्ड बर्क्ली हा मार्लोच्या नाटकातही दयाळू आहे. तो फार कनवाळू आहे म्हणूनच राजाला त्याच्या हातून काढून घ्यावे असे मॉर्टिमर ठरवितो. कवीला यजमानाच्या अपराधात रस नव्हता. त्याला सत्ता गमावलेल्या माणसाचे एकाकीपण दाखवावयाचे होते, आणि त्यासाठी घर रिकामे असणे आवश्यक होते. कलादृष्ट्या हे निर्दोष आहे. दोष आहे तो नाटकाच्या सोयीला इतिहासाचा पुरावा मानणाऱ्या पुढील पिढ्यांचा.

६

आख्यायिका वास्तूत शिरते तेव्हा तिला जागा लागते. बर्क्लीच्या बालेकिल्ल्यात एडवर्डची म्हणून एक कोठडी दाखविली जाते आणि तिच्यालगत एक खोल विहिरीसारखा खड्डा दाखविला जातो. खड्डा खरा आहे, कोठडीही जुनी आहे. परंतु बेकरची दुर्गंधी आणि मार्लोचे तळघर ज्याने वाचले आहे, त्याच्या डोळ्यांना त्या दोहोंत जे दिसते ते दगडाने सांगितलेले नसते.

किल्ल्याच्या इतर परंपराही तपासून पाहाव्यात. यादवी युद्धात १६४५ साली पार्लमेंटच्या सैन्याने किल्ला घेतला आणि बालेकिल्ल्याच्या भिंतीस खिंडार पाडले. ते बुजवू नये अशी अट घालण्यात आली व ती आजही पाळली जाते, असे सांगतात. खिंडार तसेच आहे, हे खरे. पराभवाची ती खूण कालांतराने अभिमानाची खूण झाली. १७२८ साली मरण पावलेला विदूषक डिकी पिअर्स याची समाधी जवळच्या चर्चच्या आवारात आहे आणि तिच्यावरील मजकूर जोनाथन स्विफ्ट याच्या नावावर आहे. दिवाणखान्याच्या सज्जावरून पडून तो मेला, ही पुस्ती परंपरेने जोडली. या दोन्ही आख्यायिकांत मूळ वस्तू खरी आहे, आणि त्या कोणाचा अपराध झाकीत नाहीत. म्हणून त्यांची चिकित्सा केली काय किंवा न केली काय, फारसे बिघडत नाही. एडवर्डच्या आख्यायिकेचे तसे नाही.

वास्तूच्या साक्षीविषयी सावध राहण्यास आणखी एक कारण आहे. आठवा अर्ल रँडल बर्क्ली हा रसायनशास्त्रज्ञ व रॉयल सोसायटीचा सदस्य होता. लंडनमधील बर्क्ली स्क्वेअरची मालमत्ता विकल्यानंतर त्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात किल्ल्याची मोठी दुरुस्ती केली. त्या वेळी इतर ठिकाणांहून, विशेषतः फ्रान्समधून, जुनी द्वारे व घडीव दगड आणून येथे बसविण्यात आले. मध्ययुगीन म्हणून पाहुणा जे पाहतो, त्यातील काही खरोखरच मध्ययुगीन आहे, परंतु ते बर्क्लीचे नाही. वास्तू खोटे बोलत नाही हे म्हणणे भाबडेपणाचे आहे, हे या द्वारांवरून सिद्ध होते.

७

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला अनपेक्षित वळण मिळाले. फ्रान्समधील मोंपेलिये येथील दप्तरात एका पत्राची प्रत सापडली व ती १८७८ साली प्रसिद्ध झाली. पोपच्या दरबारातील मान्युएले फिएस्की याने तिसऱ्या एडवर्डला लिहिलेल्या या पत्रात, राजा बर्क्लीहून द्वारपालाला मारून निसटला, आयर्लंड व आव्हिन्यों येथून फिरत इटलीत पोहोचला आणि तेथे संन्यस्त वृत्तीने राहिला, असे म्हटले आहे. १३३८ साली कोलोन येथे एका माणसाने आपण राजाचा पिता असल्याचे सांगितले, अशी नोंद राजाच्या हिशेबात आढळते. इयान मॉर्टिमर यांनी २००३ नंतरच्या आपल्या लेखनात, राजा १३२७ साली मेलाच नाही असे या आधारे आग्रहाने प्रतिपादिले. सीमूर फिलिप्स यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत चरित्रात मात्र तो बर्क्ली येथेच मरण पावला हे मत कायम ठेवले. कोलोनचा माणूस तोतया मानला, तर त्याला शिक्षा का झाली नाही हे सांगावे लागते. राजा मानला, तर बर्क्लीहून ग्लॉस्टरला गेलेले शव कोणाचे हे सांगावे लागते.

या वादाचा निर्णय काहीही लागो, त्याचा एक उपयोग निश्चित झाला आहे. राजा कसा मेला या प्रश्नावरून अभ्यासकांचे लक्ष किल्ल्याच्या धन्याला काय ठाऊक होते या प्रश्नाकडे वळले. खून झाला असेल, तर थॉमसची ब्रॅडलीविषयीची जबानी खोटी ठरते. राजा निसटला असेल, तर त्याने दरबाराला पाठविलेले वर्तमान खोटे ठरते. कोणत्याही पक्षी त्याने एकदा तरी असत्य सांगितले. आख्यायिकेच्या कोणत्याही रूपात या असत्याला स्थान नाही. तिच्यात सळई आहे, खड्डा आहे, किंकाळी आहे. किल्ल्यात त्या रात्री असलेला यजमान तेवढा नाही.

सारांश, बर्क्लीची आख्यायिका ही इतिहासाची विकृती एवढ्यावर थांबता येत नाही. बखरकाराने शंकेला उत्तर दिले, नाटककाराने एकाकीपणाला रंगभूमी दिली, घराने दोघांकडून मिळालेले स्वीकारले आणि पाहुण्याला भयाचा अनुभव दिला. प्रत्येकाने आपापली गरज भागविली. त्यात जबाबदारीचा प्रश्न मागे पडत गेला. तो प्रश्न जिवंत ठेवला तो एका पगारी कारभाऱ्याने, आणि तोही धन्याच्या हिशेबांतील तारखा प्रामाणिकपणे वाचून. थोर घराण्यांच्या वास्तूंचा अभ्यास करणाऱ्याने कोठडीत उतरण्यापूर्वी जमाखर्चाचे कागद पाहावेत आणि आख्यायिका ऐकताना तिच्यात कोण अनुपस्थित आहे हे विचारावे, एवढा बोध बर्क्लीच्या या प्रकरणातून घेता येतो.